वेंकय्यांचा झेंडा आणि आपला तिरंगा

सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत एक प्रश्न हमखास असतो: भारताच्या राष्ट्रध्वजाची रचना कोणी केली? उत्तर एका ओळीचं, पिंगली वेंकय्या. परीक्षेपुरतं ते चालून जातं. पण वेंकय्यांनी १९२१ साली गांधीजींच्या हाती जो झेंडा दिला, तो आज कोणी समोर धरला तर आपला म्हणून ओळखू येणार नाही. त्यावर केशरी नव्हता, अशोकचक्र नव्हतं आणि पहिल्या खेपेला पांढरासुद्धा नव्हता. लाल आणि हिरवा असे दोन रंग, त्यावर चरखा, एवढंच.

मग वेंकय्यांनी केलं काय आणि बाकीचं कोणी केलं? हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. त्यात एका माणसाचा हट्ट आहे, दोन-तीन समित्यांचे वाद आहेत, आणि कापडावर काय शोभतं, काय शोभत नाही याचा अगदी व्यावहारिक हिशेबही आहे.

आधी माणूस पाहू. वेंकय्यांचा जन्म २ ऑगस्ट १८७६ चा, आंध्रातल्या मछलीपट्टणमजवळच्या भटलपेनुमर्रू गावातला. तरुणपणी ते ब्रिटिश सैन्यात गेले आणि बोअर युद्धाच्या काळात दक्षिण आफ्रिकेत पोहोचले. १८९९ ते १९०२ असं चाललेलं हे युद्ध. गांधीजी त्या वेळी तिथेच वकिली करत होते आणि युद्धात त्यांनी सुमारे अकराशे हिंदी माणसांचं शुश्रूषा पथक उभं केलं होतं. दोघांची ओळख तिथली. पुढे सगळ्या हिंदुस्थानाने ज्यांच्याकडे पाहिलं ते गांधी अजून घडायचे होते, आणि वेंकय्या तर साधे शिपाई होते.

झेंड्याचं वेड त्यांच्या डोक्यात इथेच शिरलं, असं त्यांच्या चरित्रांत सांगतात. हिंदी शिपाई रोज युनियन जॅकला सलामी देत होते. सैन्यात झेंडा ही शोभेची वस्तू नसते. कोणाच्या हुकमाने लढायचं आणि मेल्यावर आपण कोणाचे म्हणून मोजले जाणार, हे तो सांगतो. दुसऱ्याच्या झेंड्याखाली तिसऱ्याच्या भूमीवर लढणाऱ्या माणसाला आपला झेंडा कुठे आहे असा प्रश्न पडला, तर त्यात नवल नाही. नवल इतकंच, की हजारो शिपायांतल्या या एकाने तो प्रश्न पुढची वीस वर्षं सोडला नाही.

वेंकय्या एका कामावर टिकणारे गृहस्थ नव्हते. त्यांच्या मागे लागलेली टोपणनावंच पाहा. कंबोडिया कापसाच्या वाणावर काम केलं म्हणून ‘पत्ती वेंकय्या’, कारण तेलुगूत पत्ती म्हणजे कापूस. जपानी भाषा शिकून तिच्यात भाषण ठोकलं म्हणून ‘जपान वेंकय्या’. खनिजं आणि रत्नांचा अभ्यास म्हणून ‘डायमंड वेंकय्या’. आणि शेवटी ‘झेंडा वेंकय्या’. असा माणूस नातेवाइकांच्या दृष्टीने जरा वाया गेलेलाच असतो. पण मला वाटतं, हीच बहुश्रुतता झेंड्याच्या कामी आली. इतर देशांचे झेंडे कसे आहेत, का तसे आहेत, हे त्यांनी एखाद्या वाणाचा किंवा खनिजाचा अभ्यास करावा तसं नमुने जमवून पाहिलं.

त्या काळात हिंदुस्थानाला झेंडा नव्हताच का? होता, पण तो राज्यकर्त्यांचा. व्हाइसरॉयच्या ध्वजावर युनियन जॅक आणि मधोमध ‘स्टार ऑफ इंडिया’चं मानचिन्ह असायचं. संस्थानिकांचे आपापले झेंडे होते. लोकांचा म्हणून सगळ्या देशाचा एक झेंडा असावा, ही कल्पनाच नवी होती, आणि ती वेंकय्यांच्या आधी काहींनी मांडली होती.

हे इथे सांगायलाच हवं. ७ ऑगस्ट १९०६ रोजी कलकत्त्याच्या पारशी बागान चौकात एक झेंडा फडकला. हिरवा, पिवळा, लाल असे आडवे पट्टे, वरच्या पट्ट्यात आठ कमळं, मधल्यावर वंदे मातरम्, खालच्यावर सूर्य आणि चंद्रकोर. बंगालची फाळणी आणि स्वदेशीची चळवळ ही त्याची पार्श्वभूमी. पुढच्याच वर्षी २२ ऑगस्टला जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये समाजवादी परिषदेत मादाम कामांनी त्याच धर्तीचा एक झेंडा परक्या भूमीवर फडकवला. तो झेंडा पुढे लपवूनछपवून हिंदुस्थानात आणला गेला आणि पुण्यात केसरी-मराठा संस्थेकडे आला. १९१७ साली होमरूल चळवळीत टिळक आणि ॲनी बेझंट यांनी आणखी एक झेंडा वापरला. पाच लाल आणि चार हिरवे पट्टे, सप्तर्षींसारखे मांडलेले सात तारे, चंद्रकोर आणि कोपऱ्यात चक्क युनियन जॅक! आज हे विचित्र वाटतं, पण होमरूलची मागणी साम्राज्याच्या आत राहून स्वराज्य मिळवण्याची होती. झेंडा अगदी प्रामाणिकपणे तेच सांगत होता.

या सगळ्या झेंड्यांत एक दोष सारखाच आहे. त्यांच्यात फार काही लिहिलंय. कमळं, तारे, सूर्य, अक्षरं. हातात घेऊन पाहिलं तर सुंदर, पण शंभर फुटांवरून वाऱ्यावर फडफडताना यातलं काही दिसत नाही. झेंडा चित्रासारखा स्थिर टांगलेला नसतो. तो हलतो, दुमडतो, उलट्या बाजूनेही दिसतो आणि शिवणाऱ्याला तो पुन्हा पुन्हा शिवावा लागतो.

१९१६ साली वेंकय्यांनी मछलीपट्टणमहून एक पुस्तिका काढली. विषय, हिंदुस्थानासाठी राष्ट्रध्वज. त्यात निरनिराळ्या देशांच्या झेंड्यांची माहिती आणि आपल्या झेंड्यासाठी सुचवलेले सुमारे तीस आराखडे होते. एकच आराखडा घेऊन ‘हाच घ्या’ म्हणणारे पुष्कळ असतात. तीस पर्याय मांडणारा माणूस वेगळं काहीतरी म्हणतो: कोणता घ्यायचा ते नंतर ठरवा, पण झेंडा पाहिजे हे तरी मान्य करा.

पुस्तिका घेऊन ते काँग्रेसच्या अधिवेशनांना जात राहिले. दर अधिवेशनात कोणा ना कोणा पुढाऱ्याला गाठून हाच विषय. हे किती लोकांना कंटाळवाणं झालं असेल याची कल्पना करता येते. गांधीजींनी स्वतः ते लिहून ठेवलंय. ‘यंग इंडिया’च्या १३ एप्रिल १९२१ च्या अंकात राष्ट्रध्वजावर त्यांचा लेख आहे. मछलीपट्टणमच्या राष्ट्रीय महाविद्यालयाच्या वेंकय्यांनी गेली चार वर्षं प्रत्येक अधिवेशनात हा विषय ज्या चिकाटीने लावून धरला तिचं मला कौतुक वाटत आलंय, पण त्यांच्या आराखड्यांत देशाला हलवून सोडेल असं मला काही दिसलं नाही, असा त्यांचा सूर आहे. कौतुक आणि नकार एकाच दमात!

गांधीजींना हलवणारी गोष्ट दुसऱ्याच माणसाने सुचवली. जालंदरचे लाला हंसराज यांचं म्हणणं होतं की स्वराज्याच्या झेंड्यावर चरखा हवा. गांधीजींना ते एकदम पटलं. चरखा म्हणजे त्यांचा सगळा कार्यक्रमच होता: स्वदेशी कापड, गरिबाच्या घरी चार पैसे, परक्या मालावर बहिष्कार. मार्च १९२१ च्या अखेरीस बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक भरली. तिथे गांधीजींनी वेंकय्यांना सांगितलं, लाल आणि हिरव्या पार्श्वभूमीवर चरखा असलेला आराखडा करून द्या. लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा. वेंकय्यांनी तीन तासांत झेंडा आणून दिला. वीस वर्षं वाट पाहणाऱ्या माणसाला तीन तास म्हणजे काहीच नाही.

तरी झेंडा बैठकीत मांडायला थोडा उशीरच झाला, असं गांधीजी लिहितात, आणि पुढे म्हणतात की झालं ते बरंच झालं. कारण मधल्या वेळात त्यांना जाणवलं की यात हिंदू आणि मुसलमान आहेत, पण बाकीचे कुठे आहेत? शीख, ख्रिस्ती, पारशी, ज्यू? त्यांच्यासाठी पांढरा पट्टा वाढला. क्रम ठरला तोही पाहण्यासारखा आहे. वर पांढरा, मधे हिरवा, खाली लाल. संख्येने सर्वांत लहान ते सर्वांत वर, आणि सर्वांत मोठे ते तळाशी, कारण बलवानाने दुर्बळाची ढाल व्हावं. तिन्ही पट्टे मात्र सारख्याच रुंदीचे, कारण लहानमोठे सगळे समान. आणि कापड खादीचं.

विचार म्हणून ही मांडणी मला आजही फार सुरेख वाटते. झेंडा म्हणून मात्र तिच्यात अडचणी होत्या. चरखा काढून टाकला तर वर पांढरा, मधे हिरवा, खाली लाल हा हुबेहूब बल्गेरियाचा झेंडा होतो. लाल आणि हिरवा हे दोन्ही गडद रंग शेजारीशेजारी आले की लांबून त्यांच्यातली सीमारेषा पुसट होते. आणि चरखा तिन्ही पट्ट्यांवर पसरलेला असल्यामुळे त्याला उठून दिसेल असा एक रंग सापडणं कठीण. पांढऱ्यावर दिसणारा रंग गडद हिरव्यावर बुडतो आणि हिरव्यावर दिसणारा पांढऱ्यावर फिका पडतो.

काँग्रेसने हा झेंडा रीतसर ठराव करून स्वीकारला नव्हता, तरी तो लोकांनी उचलला. एखादा झेंडा खरा कधी होतो याचं उत्तर आपल्याकडे नागपूरने दिलंय. मार्च १९२३ मध्ये जबलपूरच्या नगरपालिकेच्या इमारतीवर तो लावण्यावरून सरकारशी खटका उडाला. मग आंदोलन नागपूरला आलं. तिथल्या सिव्हिल लाइन्समध्ये, म्हणजे साहेबांच्या वस्तीत, झेंडा घेऊन मिरवणूक न्यायला बंदी होती. १ मेपासून सत्याग्रहींच्या तुकड्या रोज झेंडा घेऊन निघायच्या आणि रोज पकडल्या जायच्या. जमनालाल बजाज पुढारी होते. त्यांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेल आले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसं नागपूरला येत राहिली आणि दीड हजारांहून अधिक जण तुरुंगात गेले. अखेर १८ ऑगस्टला मिरवणूक झेंड्यासह त्या रस्त्यावरून गेली. झेंड्याखातर तुरुंगात जाऊन आलेल्या माणसाला ‘हा आराखडा जरा बदलूया’ असं सांगणं त्यानंतर कोणालाही सोपं राहिलं नाही.

आणि तरीही तो बदलला. याचं कारण रंगांचा अर्थ. प्रत्येक रंग एकेका धर्माच्या नावे केला की दोन गोष्टी होतात. ज्यांचा रंग नाही ते मागतात आणि ज्यांचा आहे ते जास्त मागतात. शिखांनी आपला रंग हवा म्हटलं. ‘इतर’ म्हणून पांढऱ्यात बसवलं जाणं त्यांना मान्य नव्हतं, आणि त्यात त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. दुसरीकडे, भगवा किंवा गेरूचा रंगच या देशाचा जुना रंग आहे असं म्हणणारे होते. गांधीजींनी सद्भावनेने केलेली विभागणी दहा वर्षांत वाटणीसारखी दिसू लागली.

एप्रिल १९३१ मध्ये कराचीला काँग्रेस कार्यकारिणीने सात जणांची ध्वज समिती नेमली. त्यात वल्लभभाई पटेल, जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग आणि निमंत्रक पट्टाभी सीतारामय्या होते. मराठी वाचकांसाठी आणखी दोन नावं: साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर आणि हुबळीला सेवादल उभं करणारे डॉ. ना. सु. हर्डीकर. या समितीने काय सुचवलं असेल? संपूर्ण केशरी झेंडा आणि वरच्या कोपऱ्यात चरखा. एकच रंग, म्हणजे वाटणीचा प्रश्नच नाही. तर्क सरळ होता, पण काँग्रेसच्या मोठ्या समितीला तो पटला नाही. दहा वर्षं लोकांनी तीन रंगांचा झेंडा खांद्यावर वाहिला होता, तो एका झटक्यात काढून घेता येत नव्हता.

त्यामुळे ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईत मधला मार्ग निघाला, आणि माझ्या मते तिरंग्याच्या सगळ्या प्रवासातला सर्वांत हुशार निर्णय तो आहे. तीन रंग ठेवले, पण लाल गेला, केशरी आला. पट्ट्यांचा क्रम बदलला: वर केशरी, मधे पांढरा, खाली हिरवा. चरखा पांढऱ्या पट्ट्यात गेला आणि गडद निळा झाला. लांबीरुंदीचं प्रमाण तीनास दोन ठरलं. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ठरावातच स्पष्ट केलं गेलं की हे रंग धर्मांचे नाहीत. केशरी धैर्य आणि त्यागाचा, पांढरा सत्य आणि शांततेचा, हिरवा श्रद्धा आणि शौर्याचा. आजही कोणी ‘केशरी हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा’ असं शाळेत शिकवत असेल तर ते १९२१ चं उत्तर आहे, आणि खुद्द काँग्रेसनेच ते १९३१ साली मागे घेतलंय.

या बदलात आराखड्याची दुरुस्तीही आपोआप झाली. दोन गडद रंगांच्या मधे पांढरा आल्यामुळे तिन्ही पट्टे लांबून वेगळे ओळखू येऊ लागले. चरख्याला एकरंगी, फिकी पार्श्वभूमी मिळाली. बल्गेरियाशी असलेलं साम्य संपलं. वेंकय्यांचं यात काय उरलं? आडवे तीन पट्टे, त्यांची समान रुंदी, हिरवा, पांढरा आणि मधला चरखा. म्हणजे सांगाडा बराचसा तोच, कपडे बदलले.

उरला एक दोष, आणि तो १९४७ साली निस्तरला गेला. चरख्याला एका टोकाला चाक असतं आणि दुसऱ्या टोकाला चाती. म्हणजे त्याला डावी-उजवी बाजू आहे. झेंड्याच्या एका बाजूने चाक डावीकडे दिसलं तर मागच्या बाजूने ते उजवीकडे दिसणार. दोन्ही बाजूंना सारखं दिसावं म्हणून वेगवेगळं चित्र शिवायचं तर कापड दुहेरी, जड आणि महाग होतं. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीत ध्वजाचा ठराव मांडताना नेहरूंनी हेच कारण सांगितलं: झेंड्यावरचं चिन्ह दोन्ही बाजूंनी सारखं दिसायला हवं. म्हणून अख्खा चरखा गेला आणि त्याचं फक्त चाक उरलं. ते चाक कसं असावं, तर सारनाथच्या अशोकस्तंभाच्या सिंहशीर्षावर सिंहांच्या खालच्या पट्ट्यात कोरलंय तसं. चोवीस आऱ्यांचं चाक उलटसुलट कसंही पाहा, सारखंच.

पण केवळ शिवणकामाची सोय एवढंच कारण धरलं तर भाबडेपणा होईल. चरख्याचा झेंडा हा काँग्रेसचा झेंडा होता. देशाचा झेंडा एका पक्षाचा वाटू नये, ही चिंता होतीच. जून १९४७ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या ध्वज समितीत काँग्रेसबाहेरचे लोकही होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्यातले एक. अशोकाचं चक्र सगळ्यांना मानवलं, कारण ते कोणत्याही चालू भांडणात कोणाच्याच बाजूचं नव्हतं. दोन हजारांहून जास्त वर्षं जुनं असण्याचा हा फायदा असतो. ठरावात मात्र शब्द जपून ठेवले गेले: हे चाक चरख्याचं प्रतीक आहे, आणि त्याची आकृती अशोकाच्या चक्राची आहे. गांधीजींचं एवढ्याने समाधान झालं नाही. चरखा नसलेल्या झेंड्याला मी सलामी देणार नाही, असं ते ऑगस्टच्या सुरुवातीला म्हणाले होते. ही नाराजी सोहळ्यांच्या वर्णनांत सहसा येत नाही.

आता वादाचा मुद्दा. १९४७ च्या या शेवटच्या रूपाचं श्रेय कोणाला? बदरुद्दीन तय्यबजी हे त्या वेळी घटना समितीच्या कार्यालयाशी संबंधित असलेले सनदी अधिकारी. काँग्रेसचे एके काळचे अध्यक्ष बदरुद्दीन तय्यबजी यांचे ते नातू. चक्राची कल्पना त्यांची आणि झेंड्याचा पहिला नमुना त्यांच्या पत्नी सुरैया तय्यबजी यांनी तयार करवून घेतला, असं त्यांच्या कुटुंबाकडून आणि काही अभ्यासकांकडून सांगितलं जातं. १४ ऑगस्टच्या रात्री हंसा मेहता यांनी भारतीय महिलांच्या वतीने घटना समितीला झेंडा अर्पण केला, त्या महिलांच्या यादीत सुरैया तय्यबजींचं नाव आहे. दुसऱ्या बाजूला वेंकय्यांचे चाहते, विशेषतः तेलुगू भाषक, हा दावा मान्य करत नाहीत.

दोन्ही बाजू वाचल्यावर मला वाटतं की भांडण एकाच गोष्टीवर नाहीच. वेंकय्यांचा झेंडा १९२१ चा, तय्यबजींविषयीचा दावा १९४७ च्या फेरफाराचा. मधे १९३१ ची एक अख्खी पायरी आहे, तिचं श्रेय कोणी मागतच नाही, कारण ते काम समितीने आणि ठरावाने केलं. चरखा सुचवणारे हंसराज, पांढरा वाढवणारे गांधीजी, केशरीची शिफारस करणारे सात जण, चक्र आणणारे जे कोणी असतील ते, यांतलं एकेक नाव काढून पाहिलं तर झेंडा आजचा राहत नाही. पण वेंकय्यांना काढलं तर ही मालिका १९२१ साली बेझवाड्याला सुरूच झाली नसती, असं गांधीजींचा लेख वाचून वाटतं. आराखडा त्यांचा किती टक्के, यापेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

घटना समितीच्या ठरावात रचनाकाराचं नाव नाही. ते असण्याची पद्धतही नव्हती. झेंड्यावर कोणाची मालकी चालते का, असा प्रश्न पडेल, तर जगात एक उदाहरण आहे. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचा काळा, लाल आणि मधे पिवळा सूर्य असलेला झेंडा हॅरॉल्ड थॉमस या कलाकाराने १९७१ साली काढला. १९९७ साली न्यायालयाने त्याचा कॉपीराइट थॉमस यांचाच असल्याचं मान्य केलं, आणि तो सर्वांना मोकळेपणाने वापरता यावा म्हणून २०२२ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने दोन कोटी डॉलरहून जास्त रक्कम मोजली. आपल्याकडे असं काही होणं शक्य नव्हतं. १९५० च्या कायद्याने राष्ट्रध्वजाचा व्यापारी वापरच रोखलाय, त्यामुळे मालकीतून कोणी कमावण्याचा प्रश्न येत नाही.

स्वातंत्र्यानंतर झेंड्याचा आराखडा कागदावर इतका काटेकोर झाला की त्यात कोणाच्या मनाला वाव उरला नाही. वस्तूंची मानकं ठरवणाऱ्या भारतीय मानक संस्थेने १९५१ साली राष्ट्रध्वजाचं मानक काढलं. त्याचा क्रमांक आहे आयएस १. त्यात कापडाचं वजन, सुताचे धागे, रंगाची छटा, शिवण, सगळं मोजून दिलंय. ठरलेली मापं नऊ. सर्वांत मोठा झेंडा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, सर्वांत लहान १५० बाय १०० मिलिमीटर, म्हणजे टेबलावरचा. खादीचे प्रमाणित झेंडे हुबळीजवळच्या बेंगेरीला तयार होतात, आणि नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीही हे काम करते. २००२ च्या ध्वजसंहितेने सामान्य नागरिकाला वर्षभर झेंडा लावायची मुभा दिली. डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने पॉलिएस्टरचा आणि यंत्रावर केलेला झेंडाही चालू लागला. खादीची १९२१ पासूनची अट तिथे सैल झाली, आणि गांधीजींनी यावर काय लिहिलं असतं याचा अंदाज करायला फारशी कल्पनाशक्ती लागत नाही.

वेंकय्यांची उत्तरायुष्यातली वर्षं बिकट गेली. झेंड्याने त्यांना पद दिलं नाही, पैसा दिला नाही. रत्नं, खनिजं, शेती यांतलं त्यांचं ज्ञानही त्यांच्या फारसं कामी आलं नाही. ४ जुलै १९६३ रोजी ते गेले, गरिबीत आणि बऱ्याच अंशी विस्मरणात. टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं ते २००९ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर शेहेचाळीस वर्षांनी.